पकड कोणाची?

पहाटे साडेपाच

डिसेंबरात आमच्या वाशिमला या वेळी चांगलीच हुडहुडी भरते. गाडीला किक मारायच्या आधी पिशवी एकदा तपासतो. कोऱ्या गुणपत्रिका, कार्बन, क्लिपचा पुठ्ठा, एक निळं आणि एक लाल पेन, दोन स्टॉपवॉच. दोन अशासाठी की एकाचा सेल नेमका शेवटच्या मिनिटाला जातो. सगळ्यात खाली दोनशे पानी वही. बाकीचं सामान नियमात बसतं. वही माझी खासगी, ती कुठल्याही स्पर्धेनं माझ्याकडे मागितलेली नाही.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. बी.पी.एड. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आलेलं मंडळ ते हेच. पुढे पंच परीक्षा दिली, काही वर्षं शिट्टी वाजवली आणि मग गुणलेखकाच्या टेबलाशी जो बसलो तो बसलोच. सोयाबीन विकून झालेलं, हरभरा उगवून आलेला, तूर शेंगांवर. आमच्याकडे कबड्डीचा हंगाम हाच. आज मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावात साठ किलो वजनगटाची खुली स्पर्धा आहे. टीव्हीवरची कबड्डी पाहणाऱ्यांना वजनगट ऐकून नवल वाटतं, पण विदर्भात गावोगाव चालते ती कबड्डी बहुतेक अशीच, पंचावन्न किलो, साठ किलो.

सकाळी साडेसात

मैदान शाळेमागच्या मोकळ्या जागेत. माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून झालेली. मी टेप काढतो. पोरं म्हणतात, "सर, काल मोजलं न आमी." तरी मोजतो. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, त्यात दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. ही बोनस रेषा वीतभर जरी इकडेतिकडे झाली तर दिवसभराचे बोनस खोटे पडतात. आज डावीकडची रेषा चार बोटं पुढे होती. पुसून पुन्हा फक्की टाकायला लावली.

सकाळी साडेआठ

वजन. स्पर्धेचा हा पहिला सामना, आणि तो काट्याशी.

काटा गावातल्या धान्य व्यापाऱ्याचा, इलेक्ट्रॉनिक. सोयाबीनच्या पोत्यांना सवय असलेला. पोरं रांगेत चड्डीवर उभी, अंगावर काटा, दात वाजताहेत. मानोऱ्याकडच्या संघातला एक गडी चढला आणि आकडा आला 60.4. उतरला. हातातलं कडं काढलं, गळ्यातला ताईत काढला, मग क्षणभर थांबून कमरेचा करदोडाही सोडला आणि मुठीत गुंडाळून भावाच्या हातात दिला. पुन्हा चढला. 60.3. कोणी हसलं नाही. त्यानं दोन स्वेटर चढवले, वर कानटोपी, आणि शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागला. दुसरा एक जण कोपऱ्यात बसून सारखा थुंकत होता. वजन उतरवायचा हा जुना उपाय आहे. मला तो मुळीच पटत नाही. रात्रीपासून घोटभर पाणी न घेतलेलं पोर अकराच्या उन्हात चढाईला जातं तेव्हा त्याची मांडी धरायला पकडपटू लागत नाही, पेटकाच पुरतो. पण हे सांगून ऐकतंय कोण. स्वेटरवाला तासाभरानं परत आला, काटा 59.9 वर थांबला, आणि पहिला सामना जिंकल्यागत त्याच्या संघानं आरोळी ठोकली.

माझं काम आकडा लिहिण्याचं. आधार कार्ड पाहायचं, जन्मतारीख, वजन, जर्सीचा क्रमांक आणि मनगटावर शाईनं संघाची खूण. खूण अशासाठी की खुल्या स्पर्धेत तोच गडी सकाळी एका गावाकडून आणि दुपारी दुसऱ्याकडून उतरतो. नुसत्या तोंडावरून ओळखायचं म्हटलं तर मातीनं माखल्यावर सगळे सारखेच.

सकाळी दहा

चहा आणि आलुबोंडा. नारळ फोडायला पाहुणे यायचेत, म्हणजे तासभर निवांत.

मोबाइलवर पुतणीचा निरोप. ती मेलबर्नला असते आणि तिथल्या फुटबॉलचं तिला वेड लागलंय. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबोळका चेंडू, अंडाकृती मैदान, एकेका बाजूला अठरा गडी. चेंडू फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं हाणायचा, नाहीतर लाथ मारायची. या दोन रीतींनी खेळाडूनं चेंडू जितक्या वेळा पुढे धाडला त्या सगळ्याची बेरीज त्याच्या नावावर लागते. तिला ते लोक 'डिस्पोजल' म्हणतात. 1965 पासून प्रत्येक सामन्याची, प्रत्येक खेळाडूची ही बेरीज तिथे लिहिलेली आहे. 2018 मध्ये टॉम मिचेल नावाच्या गड्यानं एका सामन्यात 54 वेळा चेंडू धाडला. त्याआधीचा उच्चांक ग्रेग विल्यम्सचा, 53 चा, तो 1989 पासून टिकून होता. म्हणजे एका आकड्यानं पुढे सरकायला एकोणतीस वर्षं लागली, आणि ती लागली हे कळलं ते दरम्यानचं सगळं कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

मला त्यांचं आणखी एक फार आवडतं. नुसत्या बेरजेवर ते थांबले नाहीत. धाडलेला चेंडू आपल्या गड्याला मिळाला की विरोधकाला, याचा वेगळा हिशेब ठेवतात. घोडचुका वेगळ्या मोजतात. शिवाय ज्यात चेंडू हातातही येत नाही अशी कामं असतात: विरोधकाच्या हातात पडणारा चेंडू मुठीनं उडवणं, आपला गडी पळत असताना मध्ये अंग घालून त्याला वाट करून देणं. त्यांचाही एक रकाना आहे. तिथल्या बोलीत त्यांना 'वन पर्सेंटर' म्हणतात. टक्क्याएवढीच कामं, पण मोजतात. नोंद ठेवायची रीतही शहाणी आहे. एक जण खेळावरची नजर न काढता बोलत राहतो आणि दुसरा टिपत जातो.

ती रीत मी उचलली. आज माझ्याशेजारी आठवीतला एक विद्यार्थी बसणार आहे. तो बोलणार, मी लिहिणार.

सकाळी साडेअकरा

सामने सुरू. संघ भरपूर आलेत म्हणून आयोजकांनी वीसऐवजी पंधरा मिनिटांचे डाव ठरवलेत.

गुणलेखकाचं अधिकृत काम सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की आम्ही फक्त बेरीज करतो. गुणपत्रिकेत प्रत्येक बाजूचे बारा खेळाडू आणि त्यांचे क्रमांक असतात. खाली आकड्यांची ओळ, गुण मिळेल तसतसा एकेक आकडा तिरप्या रेघेनं खोडत जायचा. बोनसला त्रिकोण. लोण पडलं की दोन गुण जास्तीचे. टाइम आउट, डाव सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, शेवटी सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, आणि बाकीच्या पंचांच्या सह्या. बाद गडी कोणत्या क्रमानं बाहेर गेले ते सहायक गुणलेखक लिहितो, कारण आत येतानाही तोच क्रम लागतो.

यात एक गोष्ट नाही. गुण कोणी मिळवला? आमच्याकडे चालते त्या पत्रिकेवर संघाची बेरीज चोख असते, पण गड्याच्या नावासमोर काही नाही. सामना 31-27 सुटला हे उद्या कोणालाही सांगता येईल. त्या 31 मधले किती सात नंबरचे, हे विचारलं तर गावातले चार जण चार आकडे सांगतील आणि चौघंही शपथेवर.

म्हणून वही. एका पानावर एक संघ, डावीकडे क्रमांक. चढाईत हात लागला की उभी रेघ, बोनसला त्रिकोण, रिकाम्या हातानं परत आला की शून्य, पकडला गेला की फुली. बचावात ज्यानं पहिली पकड केली त्याला 'प', आणि जो धावून येऊन पकड पक्की करतो त्याला 'स', म्हणजे साथ. एवढ्या सहा खुणांत सामना मावतो. पहिली काही मिनिटं पोरगा गोंधळला, "सर, आता... थो आला... थ्यानं धरलं," असं बोलत राहिला. मग लय सापडली. "नऊ, शून्य. चार, बोनस. सात, फुली, दोन प, पाच स." तीस सेकंदांची चढाई, मध्ये श्वासाला जागा नाही.

अडचण 'प' आणि 'स' मध्येच असते. कारंज्याच्या संघाचा डावा कोपरा, दोन नंबर, आज पाहण्यासारखा होता. चढाईपटू बोनससाठी पाय लांबवतो त्या क्षणी हा खाली बसून त्याचा घोटा धरतो. धरला की सोडत नाही. पण घोटा धरणारा जमिनीवर आडवा, त्याच्या अंगावर चढाईपटू, आणि त्या दोघांवर कव्हरवाला पाच नंबर धडक मारून पडतो. धूळ उडते, शिट्टी होते, आणि वरून उठणारा पाच नंबर दोन्ही हात वर करून मांडीवर थाप मारतो. माइकवाला ओरडतो, "पाच नंबरची जबरदस्त पकड!" प्रेक्षकांतून कोणीतरी नोट घेऊन येतं आणि पाच नंबरच्या हातात देतं. दोन नंबर तोंडातली माती थुंकत जागेवर जातो.

पाच नंबरची धडक खोटी नव्हती. ती नसती तर चढाईपटू फरफटत मध्यरेषेला हात लावून गेला असता. पण पकड दोन नंबरची. वहीत तसंच लिहिलं.

दुपारी दोन

वरण, बट्टी, वांग्याची भाजी. जेवताना एक बाप शेजारी येऊन बसला. "मास्तर, आमच्या पोराचे किती झाले?" मी वही उघडून दाखवली. सहा रेघा, दोन त्रिकोण, पाच फुल्या. तो खूश, "आठ गुण! लय खेलला न बाप्पा." फुल्यांकडे बोट दाखवून म्हटलं, पाच वेळा धरला गेला. प्रत्येक फुलीला समोरच्याला गुण, आणि हा बाहेर बसला तोवर संघ एका चढाईपटूवाचून. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग त थ्याले सांगाच लागते." मला वाटतं, वही ठेवल्याचं चीज होतं ते अशा वेळी.

चढाईचे गुण मोजायचा मोह सगळ्यांनाच. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून तर जास्तच. दहा चढाईगुण झाले की 'सुपर टेन', पकडीचे पाच झाले की 'हाय फाइव्ह' हे आमच्या पाचवीतल्या पोरांनाही पाठ. पवन सेहरावतनं 2019 मध्ये एका सामन्यात 39 चढाईगुण घेतले, तो आकडाही. टीव्हीनं गड्याला नाव दिलं, हिशेब दिला, हे उत्तमच झालं. पण टीव्हीपर्यंत पोचायच्या आधीची पायरी, म्हणजे गाव, तालुका, जिल्हा, तिथे मात्र हिशेब कोराच.

दुपारी चार

सलग सामने. ऊन डोळ्यांवर. सांगण्यासारखं काही नाही. चार सामने एकतर्फी झाले आणि लाल पेन संपलं.

संध्याकाळी साडेसात

हॅलोजन लागले. शेतातून परतलेले लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून पाहताहेत, बाया शाळेच्या ओट्यावर. उपांत्य सामना, मानोरा विरुद्ध हिंगोलीकडून आलेला संघ.

शेवटची तीन मिनिटं, फरक दोन गुणांचा. मानोऱ्याचे पाच गडी बाहेर, आत दोघंच. आणि त्या दोघांनी चढाईपटू धरला. सुपर टॅकल, म्हणजे दोन गुण. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. बाद एक झाला, म्हणून आत येणारा गडीही एकच, आणि आत आला तो दहा नंबर, त्यांचा हुकमी चढाईपटू. माझ्या शेजारचे सहायक गुणलेखक उभे राहिले. "सरपंच, क्रम बघा." कागदावर क्रम होता चार, नऊ, दोन, दहा, सात. म्हणजे यायला हवा होता चार नंबर.

कर्णधार धावत आला. "दहा नंबर पयलेच बाद झाला होता साहेब, आमाले मालूम हाय न!" पाणी प्यायच्या निमित्तानं पोरांनी बसायच्या जागा बदलल्या होत्या आणि दहा नंबर पहिल्या जागेवर सरकला होता. आता गर्दीला काय दिसणार? जो पहिला बसलाय तोच पहिला. ट्रॉलीतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, तुमी काऊन मदात पडता?" मी मान वर केली नाही. अशा वेळी गुणलेखकानं बोलायचं नसतं, कागद पुढे करायचा. सरपंचांनी कागद पाहिला, क्रमांकावर बोट ठेवून कर्णधाराला दाखवला, दहा नंबरला बाहेर बसवलं, चार नंबरला आत घेतलं. माझ्या स्टॉपवॉचमध्ये हे सगळं बेचाळीस सेकंदांत झालं. मानोरा एका गुणानं हरलं.

सामना झाल्यावर तोच कर्णधार टेबलाशी आला. मला वाटलं भांडायला. त्यानं क्रमाचा कागद मागितला, वाचला आणि म्हणाला, "बराबर हाय." गेला.

रात्री सव्वादहा

अंतिम सामना कारंजा विरुद्ध हिंगोली. कारंजा जिंकलं, 29-24. नारळ, गुलाल, डीजे.

मग बक्षिसाच्या टेबलावरून हाक आली, "सर, उत्कृष्ट चढाईपटू अन् उत्कृष्ट पकडपटू सांगा लवकर, पाहुण्यायले जायचं हाय." दर स्पर्धेत हा प्रश्न येतो आणि उत्तर बहुधा माइकवाल्याला विचारून ठरतं, नाहीतर ज्याच्या नावाचा गलका जास्त त्याला. आज मी वही नेली. पकडपटू म्हणून सगळ्यांच्या तोंडी पाच नंबर. वहीत दिवसभराचं पान: पाच नंबरला चार 'प', नऊ 'स'. दोन नंबरला चौदा 'प'. आयोजक जरा नाराज झाले, कारण पाच नंबर पाहुण्यांच्या गावचा. सरपंचांनी वही हातात घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, "लिहिलेलं आहे, मग वाद कशाचा?" चषक दोन नंबरला गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो ट्रॉलीमागे मोटारसायकल काढत होता, बोलावून आणावं लागलं.

चढाईपटूचं बक्षीस मात्र माझ्या मनाविरुद्ध गेलं. जास्त गुण ज्याचे त्याला, असं ठरलं. फुल्या वजा करायला कोणी तयार नव्हतं.

रात्री पाऊण

घरी. गुणपत्रिकेच्या कार्बन प्रती फाइलला लावल्या. वहीत बेरजा टाकल्या, कारण सकाळी खुणा पुसट वाटतात.

खेळाडूच्या कागदाची किंमत आमच्या जिल्ह्यात कोणाला नव्यानं सांगायला नको. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. गावच्या खुल्या स्पर्धेचा कागद तिथे चालत नाही, हे खरं. पण जिल्ह्याचा संघ निवडायला बसणाऱ्यांसमोर याच पोरांचे वर्षभराचे आकडे असतील, तर निवड एका दिवसाच्या चाचणीवर लटकणार नाही. 1 जुलै 1998 ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आमची पोरं अकोल्याच्या चाचणीला जात. दिवसभराच्या गर्दीत पाच मिनिटं खेळायला मिळत आणि तेवढ्यात जो चमकला तो निवडला जाई. कोपऱ्यात बसून घोटे धरणारा पाच मिनिटांत चमकत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या मंडळांना एक विनंती. यंदा तुमच्या गावात स्पर्धा असेल तर गुणपत्रिकेबरोबर आणखी एक पान झेरॉक्स करा. बारा ओळी, सहा रकाने: गुण, बोनस, रिकामी चढाई, पकडला गेला, पकड, साथ. गावातलं आठवी-नववीतलं एखादं चलाख पोर बोलायला बसवा आणि एक जण लिहायला. फक्की, हॅलोजन, डीजे यांच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. स्पर्धा संपली की प्रत्येक संघाला त्याच्या पानाची प्रत द्या, आणि एक प्रत तालुक्याच्या क्रीडा शिक्षकाकडे पोचवा. रकाने आखलेला नमुना माझ्याकडे तयार आहे. मागा, पाठवतो.